‘आशियाच्या मुक्तिदात्या’चा जमाखर्च

ऑगस्ट क्रांतिदिनाच्या निमित्ताने जिल्ह्याच्या गावी भरलेल्या एका अभ्यासवर्गात ‘बेचाळीसचा लढा आणि जागतिक परिस्थिती’ या विषयावर बोलण्याचा प्रसंग नुकताच आला. व्याख्यान संपल्यावर एक तरुण कार्यकर्ता उठला. वाचणारा, विचार करणारा आणि चळवळीत मनापासून राबणारा असा हा मुलगा. त्याने विचारले, “सर, आशियातल्या गोऱ्या सत्तेला खरा धक्का जपाननेच दिला ना? मग त्याला साम्राज्यवादी म्हणताना आपण इंग्रजांचीच भाषा बोलत नाही का?” सभागृहातील बऱ्याच माना डोलल्या. नंतर चहाच्या वेळी त्याने याच आशयाचा, भ्रमणध्वनीवर फिरत असलेला एक लांबलचक मजकूरही मला दाखवला.

त्या दिवशी मी दिलेले उत्तर घाईचे होते. प्रश्न मात्र घाईने निकालात काढण्यासारखा नव्हता. परकी सत्तेचा राग हा आपल्या चळवळीचा वारसा आहे आणि तो राग धरूनच हा प्रश्न विचारला गेला होता. पण एका साम्राज्यावरील रागाच्या भरात दुसऱ्या साम्राज्याला मुक्तिदात्याचे प्रमाणपत्र देणे ही चूक समाजवादी कार्यकर्त्याला परवडणारी नाही. ती का परवडणारी नाही, हे भावनेने नव्हे तर हिशेबाने दाखवण्याचा हा प्रयत्न आहे. अर्थशास्त्र शिकवण्यात ज्याची हयात गेली, त्याच्याकडून दुसरी अपेक्षाही करू नये.

जे खरे आहे ते

आधी प्रतिपक्षाच्या पदरात त्याचे माप पुरेपूर टाकले पाहिजे. ८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी सैन्य मलायाच्या किनाऱ्यावर कोटा भारू येथे उतरले आणि १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. अवघ्या सत्तर दिवसांत, सायकलींवरून आणि हलक्या रणगाड्यांनिशी आलेल्या, संख्येने कमी असलेल्या सैन्याने ‘अभेद्य’ म्हणून गाजवलेला ब्रिटिशांचा गड घेतला. ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ या बलाढ्य युद्धनौका १० डिसेंबरलाच विमानहल्ल्यात बुडाल्या होत्या. हाँगकाँग नाताळच्या दिवशी शरण आले. २ जानेवारीला मनिला, ८ मार्चला रंगून आणि त्याच सुमारास जावा जपानच्या हाती गेले. २३ मार्चला जपानी सैनिक अंदमानात उतरले. ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकीनाडा येथे बाँब पडले. गोऱ्या माणसाच्या अजिंक्यत्वाची दंतकथा त्या चार महिन्यांत जी कोसळली ती पुन्हा उभी राहिली नाही, हे निर्विवाद आहे.

आणि तो पळाला कसा, हेही सांगितले पाहिजे. ब्रह्मदेशातून सुमारे पाच लाख हिंदी लोक डोंगरदऱ्या तुडवीत स्वदेशी परतले. हजारोंनी वाटेतच प्राण सोडले. त्या पलायनातदेखील गोऱ्यांची वाट वेगळी आणि काळ्यांची वाट वेगळी असे. ज्या सत्तेने आपत्तीतही कातडीचा रंग पाहिला, तिच्या पराभवाचा आनंद कोणाला झाला असेल तर त्याला मी दोष देणार नाही.

पण जुना मालक हाकलला गेला म्हणजे नवा मालक हा मालकच नव्हे, असे कोणत्या तर्कशास्त्रात बसते? हा प्रश्न जपानी शासनाच्या शत्रूंना न विचारता खुद्द त्या शासनालाच विचारू. त्याने उत्तर लिहून ठेवले आहे.

मुक्तीपूर्वीचा दस्तऐवज

२० नोव्हेंबर १९४१ रोजी, म्हणजे पहिली गोळी सुटण्याच्या अठरा दिवस आधी, टोकियोत सरकार आणि लष्करी मुख्यालये यांच्या संयुक्त बैठकीने दक्षिणेकडील व्याप्त प्रदेशांच्या कारभाराची तत्त्वे ठरवली. त्यांत उद्दिष्टे तीन सांगितली होती. पहिले, व्याप्त प्रदेशात शांतता व सुव्यवस्था प्रस्थापित करणे. दुसरे, राष्ट्रीय संरक्षणाला आवश्यक अशी साधनसामग्री तातडीने हस्तगत करणे. आणि तिसरे, त्या प्रदेशातील सैन्याने आपला चरितार्थ तेथल्या तेथेच भागवणे. ही उद्दिष्टे साधताना स्थानिक जनतेच्या उपजीविकेवर जो बोजा पडेल तो तिला सोसावयास लावावा, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. आणि देशी स्वातंत्र्य-चळवळींना अकाली उत्तेजन मिळणार नाही याची काळजी घ्यावी, असेही म्हटले होते.

वाचकांनी हे शेवटचे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. ‘आशिया आशियावासीयांचा’ ही घोषणा बाहेर ध्वनिक्षेपकांसाठी होती. आत, मंत्र्यांच्या आणि सेनापतींच्या टेबलावर, स्वातंत्र्य-चळवळी दाबून ठेवण्याची सूचना होती. ही हुकूमशाहीची पुढे झालेली अधोगती नव्हे. मूळ योजनाच ती होती.

या योजनेचा नकाशा पाहिला तरी तेच दिसते. आपल्याकडे पॅसिफिकमधले युद्ध पर्ल हार्बरपासून सुरू झाल्याचे सांगतात. प्रत्यक्षात कोटा भारूचे अवतरण पर्ल हार्बरच्या आधी तासाभराने सुरू झाले होते. अमेरिकन आरमारावरील हल्ला हा बगल राखण्यासाठी होता, लक्ष्य दक्षिणेत होते. ११ जानेवारीला बोर्निओजवळचे ताराकान, २४ जानेवारीला बालिकपापान, १४ फेब्रुवारीला सुमात्रातील पालेंबांग या ठिकाणांची नावे एकापुढे एक ठेवा. ही तिन्ही तेलाची गावे आहेत. सिंगापूर पडण्याच्या आदल्याच दिवशी पालेंबांगच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांवर छत्रीधारी सैनिक उतरवण्यात आले. तेलाबरोबर मलायाचे रबर आणि कथील, इंडोचायना व ब्रह्मदेशाचा तांदूळ! मुक्तिसेनेची वाट नेमकी खनिजांच्या आणि मळ्यांच्या नकाशावरून जावी, हा योगायोग मानण्याइतके आपण भोळे असू नये.

विस्ताराची भूक कोठून आली?

‘जपानपाशी तेल नव्हते, पाश्चात्त्यांनी कोंडी केली, मग त्याने काय करायचे?’ असा यावरचा ठराविक प्रतिवाद असतो. त्यात अर्धसत्य आहे. ब्रिटनने १९३२ च्या ओटावा करारांनी साम्राज्यांतर्गत व्यापाराभोवती भिंत उभी केली. हिंदुस्थान सरकारने १९३३ मध्ये ब्रिटनबाहेरच्या सुती कापडावरील जकात ७५ टक्क्यांपर्यंत नेली. उत्तरादाखल जपानी गिरण्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार टाकला. ओसाकाच्या चात्यांवर ज्यांचा कापूस चढत असे, त्या वऱ्हाड-खानदेशातील शेतकऱ्यांना आणि मुंबईच्या कापूस बाजाराला या भांडणाची झळ लागली. जानेवारी १९३४ मध्ये करार होऊन ते मिटले. भिंती बांधणारी पाश्चात्त्य साम्राज्ये निर्दोष होती असे मी मुळीच म्हणत नाही.

पण हीच घटना उलट बाजूनेही पाहा. कापसाचा तंटा वाटाघाटींनी मिटला. त्यासाठी वऱ्हाड जिंकावे लागले नाही. जपानमधील एका अर्थतज्ज्ञाने हा विचार १९२१ मध्येच मांडला होता. इशिबाशी तान्झान हे त्यांचे नाव. अर्थविषयक नियतकालिकाचे संपादक असलेले हे उदारमतवादी गृहस्थ समाजवादी नव्हते. त्यांनी १९२० च्या व्यापाराचे आकडे मांडून दाखवले की कोरिया, तैवान आणि क्वांतुंग या तिन्ही ताब्यातील प्रदेशांशी मिळून जपानचा व्यापार सुमारे नव्वद कोटी येनचा आहे, तर एकट्या अमेरिकेशी तो १४३ कोटींच्या वर आणि हिंदुस्थानशी ५८ कोटींच्या वर आहे. मग ज्यांच्यावर राज्य करावयाचे त्यांच्यापायी, ज्यांच्याशी व्यापार करावयाचा त्यांचे वैर का ओढवून घ्यावे? वसाहती सोडून द्या, त्यातच देशाचा लाभ आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ते कोणी ऐकले नाही.

कारण प्रश्न देशाच्या लाभाचा नव्हताच. तो देशातील विशिष्ट वर्गांच्या लाभाचा होता. जपानी शेतीपैकी सुमारे ४६ टक्के जमीन कुळे कसत होती आणि पिकाचा मोठा वाटा खंड म्हणून जमीनदाराच्या कोठारात जात होता. कारखान्यातील मजुरी त्या दारिद्र्याच्या पातळीला बांधलेली होती. ज्याच्या खिशात पैसा नाही तो शेतकरी आणि मजूर देशातील माल घेणार कसा? म्हणजे बाजार बाहेर शोधणे आले. १९२९ च्या मंदीत अमेरिकेची रेशमाची मागणी कोसळली आणि कोशांवर जगणारी लक्षावधी शेतकरी कुटुंबे उघडी पडली. ईशान्य जपानमध्ये नापिकीची भर पडून मुली विकण्याची पाळी आली. या संकटावर दोन उपाय होते. जमीन कसणाराच्या हाती देणे आणि मजुरी वाढवून देशातील बाजार रुंद करणे हा एक. दुसरा उपाय, शेजाऱ्याची जमीन घेणे. पहिल्याने जमीनदाराला आणि मित्सुई-मित्सुबिशीसारख्या भांडवली घराण्यांना तोशीस लागली असती. दुसऱ्याने फक्त परक्यांना आणि आपल्याच गरिबांच्या पोरांना लागणार होती. निवड कोणती झाली, हे इतिहासाने पाहिले.

१८ सप्टेंबर १९३१ रोजी मुकदेनजवळ जपानी अधिकाऱ्यांनी स्वतःच रेल्वेमार्गावर स्फोट घडवला, त्याचा आळ चिन्यांवर घातला आणि मांचुरिया गिळला. १९३६ मध्ये वीस वर्षांत दहा लाख शेतकरी कुटुंबे तेथे वसवण्याची योजना झाली. जपानी कुळाला द्यावयाची जमीन जपानी जमीनदाराकडून न घेता चिनी शेतकऱ्याकडून कवडीमोलाने घेतली गेली. त्याच वर्षी, २६ फेब्रुवारीला, लष्करी खर्चाला लगाम घालू पाहणारे वृद्ध अर्थमंत्री ताकाहाशी कोरेकियो यांना बंडखोर तरुण अधिकाऱ्यांनी त्यांच्या घरात ठार केले. त्यानंतर अंदाजपत्रकाला नाही म्हणणारा कोण उरणार?

पुढची साखळी आपोआप जुळत गेली. मांचुरिया राखण्यासाठी उत्तर चीन हवा झाला. ७ जुलै १९३७ पासून सर्व चीनशी युद्ध सुरू झाले. डिसेंबरात नानजिंगमध्ये जे हत्याकांड झाले त्याची वर्णने येथे नकोत. चीन शरण येईना, म्हणून त्याची रसद तोडण्यासाठी सप्टेंबर १९४० मध्ये उत्तर इंडोचायनात आणि जुलै १९४१ मध्ये दक्षिण इंडोचायनात सैन्य शिरले. तेव्हा अमेरिकेने जपानी मालमत्ता गोठवली आणि तेल बंद केले. जपानला लागणाऱ्या तेलापैकी सुमारे ८० टक्के तेल अमेरिकेकडून येत असे! चीनमधले युद्ध चालवण्यासाठी तेल हवे, तेलासाठी डच ईस्ट इंडीज हवे, ते मिळवण्यासाठी सिंगापूर आणि मनिला हवे. प्रत्येक विजय पुढच्या युद्धाचे कर्ज घेऊनच आला. तेलाची कोंडी हे या साखळीतील शेवटचे कडे होते. तिला पहिले कडे म्हणून सादर करणे ही हातचलाखी आहे.

विजयाचे ताळेबंद

आता व्याप्त प्रदेशातील सामान्य माणसाच्या खतावणीत काय जमा झाले ते पाहू.

साम्राज्य समुद्रावर पसरले होते आणि ते जोडणारी व्यापारी जहाजे युद्धारंभी साठ लाख टनांच्या घरात होती. एवढ्या जहाजांवर सैन्य, दारूगोळा, तेल आणि लोकांचे अन्न यांपैकी काय चढवायचे? अन्न शेवटी आले. जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत जपानची चार विमानवाहू जहाजे बुडाली. त्यानंतर मलाक्काच्या सामुद्रधुनीतून रंगूनला जाणारा मार्ग असुरक्षित वाटू लागला, तेव्हा सयाम आणि ब्रह्मदेश यांना जोडणारा सुमारे ४१५ किलोमीटरचा लोहमार्ग जंगलातून काढण्यात आला. ऑक्टोबर १९४३ मध्ये तो पुरा झाला. या कामावर मेलेल्या सुमारे साडेबारा हजार गोऱ्या युद्धकैद्यांची नोंदलेली थडगी आहेत आणि त्यांच्यावर चित्रपटही निघाले. पण त्याच मार्गावर दोन लाखांच्या आसपास आशियाई मजूर राबवले गेले आणि त्यांपैकी नव्वद हजारांच्या आसपास मेले असा अंदाज आहे. त्यांत मलायाच्या रबराच्या मळ्यांतून नेलेले तमिळ मजूर मोठ्या संख्येने होते. इंग्रज मळेवाल्याने त्यांना समुद्रापार आणले, जपानी लष्कराने जंगलात नेऊन पुरले. त्यांतल्या बहुतेकांच्या नावाचा दगडही नाही. ‘आशिया आशियावासीयांचा’ या घोषणेचा अर्थ कोणाला विचारायचा असेल तर तो त्यांना विचारावा.

जावामधून ‘रोमुशा’ या नावाखाली वेठीला धरलेल्या मजुरांपैकी अडीच लाखांहून अधिक समुद्रापार धाडले गेले आणि परतले सुमारे बावन्न हजार, असा हिशेब सांगितला जातो. सिंगापूर पडल्यानंतरच्या काही आठवड्यांत संशयित म्हणून चिनी पुरुष वेचून मारण्यात आले. जपानी बाजूने कबूल केलेला आकडा सुमारे पाच हजारांचा आहे, चिनी समाजाचा अंदाज याच्या कितीतरी पट आहे. वर त्याच समाजाकडून पाच कोटी डॉलरची ‘भेट’ वसूल केली गेली. लष्कराने छापलेल्या नोटांनी बाजारातील माल उचलला आणि लोकांच्या हाती कागद ठेवला.

तांदळाची गोष्ट तर अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवावी अशी आहे. ब्रह्मदेश हा युद्धापूर्वी जगातील सर्वांत मोठा तांदूळ-निर्यातदार होता. रंगून पडल्यावर त्याचे हिंदुस्थानचे गिऱ्हाईक तुटले आणि जपानपाशी माल हलवायला जहाजे नव्हती. भाव कोसळले, भाताखालची जमीन जवळजवळ निम्म्यावर आली, आणि अंगावर घालायला कापड मिळेना. इकडे बंगालमध्ये १९४३ साली सुमारे तीस लाख माणसे उपासमारीने व रोगराईने मेली. ब्रह्मदेशाचा तांदूळ बंगालच्या एकूण गरजेत थोडाच होता. पण तो बंद झाल्याच्या धास्तीने साठेबाजी झाली, आणि जपानी येतील म्हणून ब्रिटिश सरकारने किनारी जिल्ह्यांतील तांदूळ हलवला व होड्या जप्त केल्या. बंगालच्या मृत्यूंची मुख्य जबाबदारी ब्रिटिश राज्यकर्त्यांचीच, यात मला शंका नाही. परंतु इरावतीच्या काठी भात विकत नव्हते आणि गंगेच्या मुखाशी माणसे भातावाचून मरत होती, हे दोन साम्राज्यांनी मिळून केलेले काम आहे. जात्याची खालची तळी इंग्रजांची, वरची जपानची. भरडला गेला तो दोन्हीकडचा शेतकरी.

व्हिएतनाममध्ये याची पुनरावृत्ती झाली. उत्तरेत भाताऐवजी ताग आणि तेलबिया लावण्याची सक्ती झाली, तांदूळ सक्तीने उचलला गेला, वाहतूक अमेरिकन बाँबफेकीने मोडली. १९४४-४५ च्या दुष्काळात मेलेल्यांचे अंदाज चार लाखांपासून वीस लाखांपर्यंत जातात. त्याच काळात सायगावला उत्तरेचा कोळसा पोचत नसल्याने वीजनिर्मितीसाठी तांदूळ जाळला जात होता! आणि तेथे कारभार कोणाचा होता? फ्रेंचांचाच. सप्टेंबर १९४० पासून मार्च १९४५ पर्यंत, साडेचार वर्षे, ‘आशियाच्या मुक्तिदात्या’ने फ्रेंच वसाहतवादी शासन जागेवर ठेवून त्याच्याकरवी तांदूळ वसूल केला. गोऱ्यांचे राज्य घालवणे हे ध्येय असते तर हे घडले नसते.

आक्षेप आणि उत्तरे

‘पण जपानने ब्रह्मदेशाला आणि फिलिपाइन्सला स्वातंत्र्य तर दिले!’ दिले, १९४३ मध्ये, पराभवाची चाहूल लागल्यावर, आणि सैन्य तेथेच ठेवून. त्याच वर्षी ३१ मे रोजी टोकियोत सम्राटासमोर झालेल्या परिषदेने मलाया, सुमात्रा, जावा, बोर्निओ आणि सेलेबीस हे प्रदेश कायमचे जपानी मुलूख म्हणून ठेवण्याचे ठरवले आणि हा निर्णय गुप्त राखला. नोव्हेंबरातील ‘बृहत् पूर्व आशिया परिषदे’ला इंडोनेशियाचे नेते बोलावले गेले नाहीत, त्याचे कारण हेच. कोरिया तर १९१० पासून गिळलेलाच होता. तेथील लोकांना १९४० मध्ये स्वतःची आडनावे टाकून जपानी नावे घेण्यास भाग पाडले जात होते. ब्रह्मदेशच्या आँग सानने जपानी मदतीने सैन्य उभारले आणि २७ मार्च १९४५ रोजी तेच सैन्य जपानविरुद्ध उलटवले. ज्याने मुक्तिदाता जवळून पाहिला त्याचा हा अभिप्राय आहे.

‘मग नेताजी?’ नेताजींच्या आणि आझाद हिंद सैनिकांच्या त्यागाबद्दल या लेखकाच्या मनात आदरच आहे. शत्रूचा शत्रू वापरून घेण्याचा त्यांचा डाव होता. तो त्यांनी स्वतःच्या प्राणांनिशी खेळला. पण आपला आदर त्यांच्या त्यागासाठी आहे, त्यांच्या यजमानासाठी नव्हे. डिसेंबर १९४३ च्या अखेरीस नेताजींनी अंदमानात तिरंगा फडकवला, आणि बरोबर महिन्याने, ३० जानेवारी १९४४ रोजी, त्याच अंदमानात हिंदी स्वातंत्र्य संघाच्या चव्वेचाळीस जणांना हेरगिरीच्या संशयावरून जपान्यांनी गोळ्या घातल्या. सत्ता कोणाच्या हातात होती, हे यावरून कळते.

‘न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी टोकियो खटल्यात जपानी नेत्यांना निर्दोष ठरवले नाही का?’ ठरवले. पण त्यांचा आक्षेप जेत्यांनी घटनेनंतर कायदा करून जितांना शिक्षा देण्याला होता. अत्याचार घडले याचा पुरावा जबरदस्त आहे, हे त्यांनी आपल्या निकालपत्रात मान्यच केले होते. त्यांच्या निकालपत्राचा अर्धा भाग वाचून त्याचे स्मारक उभारणाऱ्यांच्या रांगेत आपण उभे राहू नये.

आणि हिंदी स्वातंत्र्यलढ्याची भूमिका काय होती? १९३८ मध्ये चीनमधले युद्ध हा आशियाचा उद्धार आहे असे पटवू पाहणाऱ्या जपानी कवी नोगुचींना रवींद्रनाथांनी निक्षून नकार दिला. जुलै १९४२ मध्ये, ‘छोडो भारत’चा ठराव तयार होत असतानाच, गांधीजींनी जपानी जनतेला उघड पत्र लिहिले. चीनवरील आक्रमणाचा निषेध त्यांनी केला आणि हिंदुस्थानात आपले स्वागत होईल या भ्रमात राहू नका, असे बजावले. इंग्रजांना ‘चालते व्हा’ म्हणणारा माणूस त्याच दमात जपानला ‘येऊ नका’ म्हणत होता. यात विसंगती नव्हती, हीच साम्राज्यविरोधाची सुसंगत भूमिका होती. आणि आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस? १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस परतले नाहीत. जपानी फौजांशी झुंजणाऱ्या चिनी सैनिकांवर आणि शेतकऱ्यांवर उपचार करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते तेथेच वारले. आशियाची एकजूट म्हणजे काय, ते या सोलापूरकराने शब्दांविना सांगितले.

आपल्यासाठी धडा

आतापर्यंतचे सर्व विवेचन त्या तरुण मित्राच्या प्रश्नाला उत्तर म्हणून पुरेसे आहे. पण समाजवादी कार्यकर्त्याने या इतिहासातून उचलावे असे सर्वांत कडू प्रकरण अजून बाकी आहे. ते जपानी लष्कराचे नाही, जपानी समाजवाद्यांचे आहे.

जपानमध्ये ‘समाज जनता पक्ष’ हा कायदेशीर समाजवादी पक्ष होता. एप्रिल १९३७ च्या निवडणुकीत त्याने ३७ जागा मिळवल्या, त्याची शक्ती वाढत होती. पण त्याच्या नेतृत्वातील एका प्रभावी गटाला काही वर्षांपासून एक भुरळ पडली होती. लष्कर खेड्यांच्या दैन्याबद्दल बोलते, भांडवलदारांच्या स्वार्थावर टीका करते, तेव्हा ते आपले मित्रच नव्हे काय? आसो हिसाशी यांनी १९३४ मध्येच लष्कराच्या एका पुस्तिकेचे या भावनेने स्वागत केले होते. युद्ध सुरू होताच पक्षाने राष्ट्रीय ऐक्याच्या नावाने त्याला पाठिंबा दिला. प्रमुख कामगार महासंघाने युद्धकाळात संप न करण्याचे वचन दिले. २ फेब्रुवारी १९४० रोजी साइतो ताकाओ या सनातनी विचाराच्या सभासदाने संसदेत उभे राहून, हे चीनचे युद्ध कशासाठी चालले आहे, असा सरळ प्रश्न विचारला. त्याबद्दल त्यांची सभागृहातून हकालपट्टी झाली. जो प्रश्न समाजवाद्यांनी विचारायला हवा होता तो एका सनातन्याने विचारला! आणि समाजवादी पक्षाने काय केले? साइतोंच्या हकालपट्टीच्या मतदानाला गैरहजर राहिलेल्या कातायामा तेत्सु, सुझुकी बुंजी, निशिओ सुएहिरो आदी आपल्याच सभासदांना पक्षाबाहेर काढले. जुलै १९४० मध्ये तर हा पक्ष सर्व पक्षांच्या आधी स्वतःहून विसर्जित झाला. पाठोपाठ कामगार संघटना मोडल्या आणि त्यांच्या जागी मालक-मजूर एकत्र बसवणारी ‘देशभक्त’ संघटना आली. त्यानंतर सव्वा वर्षाने मलायाच्या किनाऱ्यावर सैन्य उतरले तेव्हा टोकियोत प्रश्न विचारणारे कोणी उरले नव्हते.

हे लोक दुष्ट नव्हते. त्यांना शेतकऱ्याचे दुःख खरोखर सलत होते. त्यांची चूक एवढीच की आपल्या शेतकऱ्याची भाकरी शेजाऱ्याच्या ताटातून येऊ शकते हे त्यांनी मान्य केले, आणि एकदा ते मान्य केल्यावर लष्कराच्या मागे जाण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

ती भाकरी अखेर कोठून आली? १९४५ मध्ये जपानचे सारे साम्राज्य गेले. कोरिया, तैवान, मांचुरिया, तेलाची गावे, रबराचे मळे, काहीही उरले नाही. मांचुरियात वसवलेल्या शेतकऱ्यांपैकी हजारो मागे टाकले जाऊन मेले. आणि १९४६ पासूनच्या जमीनसुधारणेने कुळांनी कसलेली जमीन ४६ टक्क्यांवरून दहा टक्क्यांच्या आसपास आली, कामगारांना संघटनेचा हक्क मिळाला, देशातील बाजार रुंदावला. जे तेल लुटायला गेले होते ते पुढे विकत घेतले. तेच जपानी बेट, तीच माणसे, एकही वसाहत नसताना पूर्वी कधी नव्हती एवढी सुखवस्तू झाली. ज्यांची हकालपट्टी झाली होती ते कातायामा १९४७ मध्ये जपानचे पहिले समाजवादी पंतप्रधान झाले, आणि इशिबाशी १९५६ च्या अखेरीस पंतप्रधान झाले. त्यांचा १९२१ चा हिशेब बरोबर होता. तो पटायला मध्ये कोट्यवधी माणसे मरावी लागली.

म्हणून त्या तरुण मित्राला माझे सांगणे असे : कोणाच्या साम्राज्याने कोणाचे साम्राज्य मोडले, हा प्रश्न जरूर अभ्यासावा. पण त्यावरून बाजू ठरवू नये. कोठारातले धान्य कोणाच्या घरी गेले, लोहमार्गाखाली कोण गाडले गेले, आणि ज्याने ‘हे कशासाठी?’ असे विचारले त्याचे काय झाले, एवढे तीन प्रश्न विचारून बाजू ठरवावी. इंग्रजांच्या राज्याला हे प्रश्न आपण विचारले. जपानच्या राज्याला विचारण्यात इंग्रजांची भाषा बोलल्याचा दोष लागत नाही. आणि उद्या राष्ट्राच्या नावाने कोणी आपल्याच तोंडावर बोट ठेवू पाहील, तेव्हाही हेच तीन प्रश्न विचारण्याची हिंमत आपल्या पक्षात शिल्लक असली पाहिजे. टोकियोच्या समाजवाद्यांनी ती १९४० मध्ये गमावली होती.